दादाच्या कॅमेऱ्याला मी लावलेला हात

मी मूळचा सिन्नरकडचा, गावात आमची कोरडवाहू जमीन, तीबी दोन भावांत पुरण्यासारखी नाय. थोरला दादा सिन्नरला फोटो स्टुडिओ टाकून बसला आणि मी आयटीआय करून नाशकात अंबडच्या कारखान्यात टर्नर लागलो, लेथ मशीनवर लोखंड-पितळ कातायचं काम. पस्तीस वर्षं लेथवर उभा राहिलो ताई, पाय बघा कसे झालेत, सकाळी उठलं की आधी भिंत धरायची आणि मंग चप्पल. असो. तुम्ही कॅमेऱ्याचं विचारलंत.

तर दादाचा जीव त्या कॅमेऱ्यात. आमच्या आईला कौतुक, पोरगा काचेतून बघून पैसे कमावतो. दादा मला सांगत बसायचा, आधी जर्मन लोकांचं राज्य होतं, मंग जपानी आले, आधी त्यांचंच बघून बनवलं आणि मंग त्यांनाच मागं टाकलं. पुढं जपान्यांतच दोन कंपन्या उभ्या राहिल्या आणि त्यांची अशी काय जुंपली म्हणता, एकीची लेन्स डावीकडं फिरवून बसायची तर दुसरीची उजवीकडं. मुद्दाम. म्हणजे एकदा एकीचा कॅमेरा घेतला की जन्मभर तिच्याच दारात. नाशकात फोटोग्राफर लोकांत पण दोन पार्ट्या, चहाच्या गाडीवर भांडणं, तुझ्या कंपनीचा फोटो पिवळा, तुझ्या कंपनीचा निळा, आणि मालक दोन्ही तिकडं जपानात, ह्यांना ओळखत पण नसतील.

दादाचा कॅमेरा होता तो ह्या भांडणात हरलेला. म्हणजे एका कंपनीनं दुसरीची जिरवायला ते मॉडेल काढलं, लय भारी, सगळं धातूचं, काळं कुळकुळीत, पण तोवर दुसरीनं त्याच्याहून सरस काढलं आणि ह्यांनी गुपचूप बंद केलं. थोडेच बनले. दादाला सेकंडहँड मिळाला, स्वस्तात, कारण तेव्हा कोणी विचारत नव्हतं त्याला. आणि आता तेच सोन्याच्या भावात! हरला म्हणून महाग. काय सांगू तुम्हाला, जगाचं काही कळत नाय.

एका लग्नसराईच्या तोंडाला जीपमधून उतरताना दादाची लेन्स पडली, काच फुटली. त्या कंपनीची दुसरी लेन्स नाशकात मिळंना. मिळाली ती दुश्मन कंपनीची, एका म्हाताऱ्या फोटोग्राफरकडं पडलेली, ती मी मागून आणली. दादा म्हणला, मुंबईला माणूस पाठवलाय, आठ दिवसांत येईल लेन्स, तोवर मित्राचा कॅमेरा आणतो, तू ह्याला हात लावू नको. हे शब्द मला आजबी ऐकू येतात, हात लावू नको. पण टर्नर माणूस तुम्हाला माहीत नाय. न बसणारी वस्तू दिसली की त्याच्या हाताला खाज सुटते. कंपनीत आम्हाला सायेब म्हणायचे, बसत नाय म्हणजे काय, बसव. तेच डोक्यात. दादा गावाला गेलेला, मी कॅमेरा आणि ती लेन्स डब्याच्या पिशवीत घालून अंबडला नेली, जेवणाच्या सुट्टीत लेथवर पितळेची रिंग काढली, कॅमेऱ्याच्या तोंडाची, लेन्स अडकते ती मूळ चकती काढून फेकली स्क्रॅपच्या पेटीत, तोंड घासलं, चार नवी भोकं मारली आणि बसवली लेन्स. अशी बसली, अशी बसली ताई, केस जाईल एवढी फट नाय. मला वाटलं मी जपानला हरवलं.

दादा परत आला आणि बघून आधी खाली बसला. मंग अशा शिव्या घातल्या की आईनं पण मध्ये तोंड घातलं नाय. रिंग जरा जाड झाली होती, लांबचं धूसर यायचं आणि जवळचं मात्र एकदम कडक. पण आता करतो काय, मुंबईची लेन्स आली तरी बसायची कुठं, आणि लग्नात लांबचं कोणाला पाहिजे, नवरा-नवरी जवळच असतात, तोच कॅमेरा दादानं पुढं पंधराएक वर्षं चालवला. बाहेर कोणाला सांगितलं नाय, वहिनीला पण नाय, ती तेव्हा माहेरी होती, धंद्यात हसू होईल म्हणून. मुंबईहून दुसरी लेन्स आणली एवढंच घरी म्हणला.

दादा गेला त्याला आता सहा वर्षं झाली. वहिनी इंदिरानगरला राहते, तिसरा मजला, लिफ्ट नाय, तिची मुलगी शुभांगी सोबत असते पण ती दिवसभर कामावर. वहिनीचे दोन्ही गुडघे गेले. डॉक्टर म्हणले बदला. बाई घरातच कोंडली, खालच्या देवळात जायचं म्हणलं तर दोघांनी धरावं लागतं. मंग शुभांगीनं कॅमेऱ्याचा वरून एक फोटो काढून मोबाईलवर कुठंतरी टाकला आणि पुण्याचा एक गृहस्थ, जुने कॅमेरे गोळा करणारा, त्याचा लगेच फोन. त्यानं कॅमेऱ्यावरचा नंबर वाचून घेतला आणि जी रक्कम बोलला त्यात वहिनीचे दोन्ही गुडघे होऊन वर उरलं असतं. वहिनीनं साखर वाटली मजल्यावर. मी बोललो नाय. मला वाटलं, न जाणो, चालेल त्याला.

तो आला रविवारी. हातमोजे घातले, भिंग काढलं. लेन्स बघितली, आणि त्याचा चेहरा असा उतरला की मला तिथंच कळलं. म्हणला, हे कोणी केलं? तोंडच कापलंय ह्याचं. मूळ चकती तरी हाय का? मी म्हणलो, माहीत नाय, सेकंडहँड घेतलेला, तसाच आला असेल. असं बोललो मी. वहिनीच्या समोर. तो रिंगवरून बोट फिरवून म्हणला, ज्यानं केलं त्याच्या हातात कला होती, अक्कल नव्हती. शेवटी सुट्या पार्टच्या भावानं घेऊन गेला, त्यात तपासण्या आणि औषधं झाली, संपलं.

त्यानंतर वहिनी रोज त्या आधीच्या मालकाला शिव्या द्यायची. मेल्याचे हात झडो, त्याच्या घरच्यांना पण असंच बसवो देव एका जागी. आणि मला म्हणायची, घ्या भावजी, चहा घ्या. मी घ्यायचो. आठ दिवस घेतला. नवव्या दिवशी कप खाली ठेवला, म्हणलं वहिनी, तो मेला मीच. सगळं सांगितलं, दादा नको म्हणला होता तेबी सांगितलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणली, केलं त्याचं काय नाय भावजी, पोरवयात केलं, पण आठ दिवस माझ्या तोंडून ऐकत बसलात? आणि उठली, भिंत धरत धरत आत गेली आणि दार लावून घेतलं. मला लाज वाटली, अशी लाज जन्मात वाटली नव्हती. महिनाभर बोलली नाय. माझा फोन शुभांगी उचलायची, आई झोपलीये म्हणायची.

मंग एक दिवस वहिनीचाच फोन आला. भावजी, गॅसवाला टाकी खालीच ठेवून गेला. बस, एवढंच. मी रिक्षा करून गेलो, टाकी खांद्यावर घेतली, प्रत्येक जिन्याला थांबत थांबत वर नेली. तेव्हापासून एकाआड एक दिवस जातो, भाजी, दळण, औषधं, काय असेल ते. माझं वय आता अडुसष्ट. गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी सरकारी योजनेत तिचा नंबर लावलाय, कागद दिलेत, येईल तेव्हा येईल. वर पोचलो की ती दार उघडून म्हणते, दुखतात का हो गुडघे? मी म्हणतो, छे, माझे कुठं. ती पाणी देते आणि बसा म्हणते, दम घ्या. दुसरं आता मागणं नाय ताई, देवाला एवढंच म्हणतो, तिचा नंबर लागेस्तोवर माझे गुडघे राहू दे.