दुसरा कप

आजच्या समारंभाचे आणि आपल्या कैवोलाहती पालिकेचेही अध्यक्ष माननीय तौनो हिर्वेला, व्यासपीठावरचे सन्माननीय पालिका सदस्य, सत्कारमूर्ती हेल्वी सालमेला, शिक्षक सहकारी, पालक, आणि पुढच्या चार रांगा रिकाम्या ठेवून मागच्या भिंतीला चिकटून बसलेले माझे समस्त गावकरी,

शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निरोपाचे दोन शब्द बोलायचं काम माझ्याकडे आलं आहे. हेल्वींना भाषणं आवडत नाहीत. सकाळीच मला म्हणाल्या, "माझं कौतुक करायचं तर मी घरी गेल्यावर कर." मी म्हटलं, "मग तुम्हाला ऐकू कसं येणार?" "म्हणूनच सांगतेय," त्या म्हणाल्या. त्यांची इच्छा मी नम्रपणे बाजूला ठेवते आहे.

हेल्वी आपल्या शाळेच्या समुपदेशक. त्या इथे रुजू झाल्या, तेव्हा या पंचक्रोशीतल्या काही तरुण मुलांनी आपलं आयुष्य संपवलं होतं. त्यांची नावं मी घेत नाही. आपण कुणीच घेत नाही. आपण अंत्यविधीला गेलो, कॉफी प्यायलो आणि तळ्यावरचा बर्फ यंदा किती जाड आहे यावर बोललो. हेल्वी मात्र वर्गात गेल्या आणि मुलांना एक प्रश्न मोठ्याने विचारायला शिकवू लागल्या. ज्याची काळजी वाटते त्याच्या शेजारी बसायचं आणि सरळ विचारायचं, "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" उत्तर काहीही आलं तरी घाबरून उठायचं नाही. मोठं माणूस येईपर्यंत त्याला एकटं सोडायचं नाही.

पालकसभेत गहजब झाला. गावात "कसा आहेस" हेसुद्धा आपण जपून विचारतो, कारण समोरचा खरं उत्तर देण्याचा धोका असतो. एक गृहस्थ म्हणाले, "असलं विचारून मुलांच्या डोक्यात नको ते भराल." हेल्वी म्हणाल्या, "विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. आधीच असेल, तर निदान एकट्याला वाहावं लागत नाही."

"आणि नसेल तर?"

"तर मूल 'नाही' म्हणेल. मग तुम्ही बर्फाबद्दल बोला."

आता पैशांबद्दल दोन शब्द, कारण अध्यक्षमहोदय घड्याळाकडे पाहू लागले आहेत. या कामाला राजधानीतून निधी मिळे, तो तीन वर्षांसाठी, आणि अट अशी की उपक्रम नवा हवा. चांगला चाललेला उपक्रम नवा नसतो, हे आपण सुज्ञ श्रोते जाणताच. मग हेल्वी दर तीन वर्षांनी त्याच तासाचं नव्याने बारसं करत. राजधानीला निसर्ग आवडू लागला तेव्हा तो तास 'हिरवी पायवाट' झाला आणि मुलांनी कडाक्याच्या थंडीत देवदारांखाली उभं राहून तोच प्रश्न विचारला. मग व्यायामाचं वारं आलं. मुलं तोच प्रश्न चालता चालता विचारू लागली. पाहणीसाठी आलेल्या एका बाईंनी सातवीतल्या मुलाला विचारलं, "यात नवीन काय आहे?" तो म्हणाला, "मागच्या वेळी एका जागी उभं राहायला मिळायचं." मुलं त्याला पहिल्यापासून 'हेल्वीचा तास' म्हणत आली आहेत. ते नाव अर्जात कधी बसलं नाही.

आता नवी नावं संपली आहेत आणि हेल्वीही निघाल्या आहेत. म्हणून आमचे बसवाले सदस्य एस्को नीवा यांनी गेल्या सभेत ठराव मांडला, की हा तास पालिकेने स्वतःच्या खर्चाने कायमचा चालवावा आणि हेल्वींच्या जागी माणूस नेमावं. सभेआधी सौनाच्या वाफेत बसून प्रत्येक सदस्य म्हणाला होता, "एस्को, अगदी योग्य बोललास." सभेत ठरावाला विरोध कुणीच केला नाही. अनुमोदनही कुणी दिलं नाही. प्रत्येक जण शेजारचा हात वर करील म्हणून वाट पाहत राहिला. अनुमोदक नाही म्हणून ठराव बारगळला. नंतर आवारात सगळ्यांनी एस्कोच्या पाठीवर हात ठेवून हळहळ व्यक्त केली. हे आपल्याच गावात होऊ शकतं.

त्या सभेत अध्यक्षमहोदयांनी एक रास्त प्रश्न विचारला होता. "या तासाचा उपयोग झाला याचा पुरावा काय?" हेल्वी म्हणाल्या, "पुरावे आहेत. पण ते माझे नाहीत, मी दाखवू शकत नाही." आणि खाली बसल्या.

त्यातला एक पुरावा माझ्या घरचा आहे. माझी मुलगी वेन्ला नववीत होती. फेब्रुवारीतल्या एका दुपारी वर्गातली इदा, जी तिची मैत्रीणही नव्हती, बसथांब्यावर तिच्या शेजारी बसली आणि तिने तो प्रश्न विचारला. वेन्ला "हो" म्हणाली. इदाने समोरून बस जाऊ दिली, मग पुढचीही. हेल्वींना फोन केला आणि त्या येईपर्यंत वेन्लाचा हातमोजा धरून बसून राहिली. मी त्या वेळी 'विद्यार्थ्यांचे मानसिक स्वास्थ्य' या विषयावरच्या बैठकीत होते. त्या सकाळी मी माझ्या मुलीला विचारलं होतं, की टोपी घेतलीस का.

त्यानंतरचं वर्ष सोपं नव्हतं. डॉक्टर होते, औषधं होती, हेल्वी होत्या. काल मी वेन्लाला विचारलं, हे सगळ्यांसमोर सांगू का? ती म्हणाली, "सांग. पण आई, रडू नकोस, लोक अवघडतील." म्हणून मी रडत नाहीये.

ती आता शहरात बेकरीचं काम शिकते. आजचे वेलदोड्याचे पाव तिने भाजले आहेत. खालून जरा करपले आहेत. अध्यक्षमहोदय, तुम्ही मागितलेला पुरावा कॉफीच्या टेबलामागे उभा आहे, आणि पाव संपले नाहीत तर तिला वाईट वाटेल.

हेल्वी, तुमचे आभार कसे मानावेत हे मला कळत नाही. माझी मुलगी आज कॉफी ओतते आहे. यापुढे माझी भाषा संपते.

सोमवारी एस्को तोच ठराव पुन्हा मांडणार आहेत. मी सदस्य नाही, मला मत नाही. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात माझ्याकडून मर्यादा ओलांडली गेली असेल, तर मोठ्या मनाने पोटात घालावं.

कॉफी तयार आहे. रिवाजाप्रमाणे आपण सगळे टेबलापासून अंतर राखून उभे राहाल आणि ती गार होईल. आज पहिला कप एस्को उचलतील, त्यांना सवय झाली आहे. दुसरा कोण उचलतं, ते हेल्वी आणि मी इथून पाहतो आहोत.