रंगाखालची रेघ

संत लुक चित्रकार मंडळाचे सन्माननीय प्रमुख उस्ताद बाउदेवैन, व्यासपीठावरील फादर रोम्बाउट, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत ते माझे काका उस्ताद लीवेन, आणि गेंट नगरातील सज्जन स्त्री-पुरुषहो,

उद्या काका मठात राहायला जाणार. रंग घोटण्यापासून सगळं त्यांनी मला घरातच शिकवलं. "चार गोड शब्द बोल आणि खाली बस," असं त्यांनीच बजावलंय. मी बसणारही होते.

पण प्रमुखसाहेबांनी आत्ताच लोकरीचे व्यापारी दिवंगत गिलिस यांच्या मरणशय्येच्या चित्राची स्तुती केली. दारात मृत्यू, उशाशी देवदूत, सैतानाने पुढे केलेली पैशांची थैली आणि क्रूसाकडे वळलेला हात. "असा हात लीवेननेच रंगवावा!" तुम्ही टाळ्या वाजवल्यात. करारातही तेच होतं ना, चेहरे आणि हात उस्तादाने स्वतः रंगवायचे?

तो हात मी रंगवला.

गिलिस गेले तेव्हा काका जवळ होते. पाहिलं तेच त्यांनी फळीवर रेखलं. मग काकांची दृष्टी गेली. "रेघ माझी आहे, तू फक्त रंग भर. रेघ सोडायची नाही," ते म्हणाले.

कातेलीनाबाई, गिलिस यांच्या पत्नी म्हणून तुम्ही समोरच बसला आहात. तेव्हा तुम्ही रोज यायचात. "पोरी, हात कुठे चाललाय गं यांचा?"

"अजून रंगवायचाय, बाई."

"यांनी जन्मात सरळ उत्तर दिलं नाही, आता तूही तशीच!" तुम्ही हसलात, मग डोळे पुसलेत. मला राहवलं नाही. मी रेघ सोडली, हात क्रूसाकडे वळवला. रंगाखाली काकांची बोटं आहेत, थैलीत रुतलेली. काका, रेघ पाळलीस ना, असं तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले.

मला ती दया वाटली होती. परवा फादर म्हणाले, कातेलीनाबाईंनी नवऱ्याच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये होणाऱ्या प्रार्थना, त्या मिस्सा, थांबवल्या; म्हणाल्या, "ते तरले, चित्रात दिसतंय की!" त्या आत्म्यासाठी आता कोण प्रार्थना करतंय? शेवटच्या श्वासाला हात वळलाही असेल. मला ठाऊक नव्हतं, तरी मी ठरवून टाकलं.

मंडळाने शिक्षा मला करावी. काकांची रेघ खरी होती.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. तो हात मात्र पोटात घालू नका, बाई. उद्या सकाळची मिस्सा तुमच्या यजमानांसाठी सांगा.