शेळ्यांमागचा अभ्यास

पालमच्या स्टँडवर धम्मशीला मॅडम गंगाखेडच्या एसटीची वाट बघत होत्या. मागच्या बाकड्यावर नर्मदाबाई नवऱ्याला, ग्यानबाला, धारेवर धरत होती.

"रुपालीच्या अभ्यासाचा मोबाईल तुमी शेळ्यांमागं कामून नेता?"

"नात शाळेतून येईस्तोवर घरी रिकामाच पडून ऱ्हातो त्यो."

"अन् तिच्या चाचण्या कोण सोडवायलंय?"

"मीच. त्यातल्या धड्यांतली बाई म्हणती, आपापल्या वेगानं शिका. शेळ्या चरून होईस्तोवर माझा भागाकार होतो."

"तिला शंभर मार्क पडले म्हणून सरांनी उद्या फळ्यावर गणित करायला सांगितलंय. पोरगी रडायलीय."

"मी जातो ना तिच्यासंगं."

"तुमी काय फळ्याजवळ उभं ऱ्हाणार?"

मॅडमची एसटी लागली. पुढचं ऐकायचं म्हणून त्या उठल्या नाहीत.

ग्यानबा म्हणाला, "न्हाई, सरांला चौथीचे धडे मागायचेत. तिसरीचे संपले."