पडद्यामागचा बेस

न्हाई, न्हाई, थांब — थांब म्हणलं ना! धर म्हणलं म्हंजी आवळून धर असं कुठं म्हणलो मी? अंगठा बघ तुझा, गिटारच्या दांडीला मागनं कसा रुतलाय, नख पांढरंफटक पडलंय. असा धरलास तर दुसऱ्या गाण्यालाच मनगटापासनं कोपरापतूर भरून येईल, आन् आज सुटी गाणी न्हाईत, नॉनस्टॉप हाय — एकात एक, एकात एक, मधी पाणी प्यायला जागा न्हाई. सैल सोड. अजून. अंगठा नुसता टेकवायचा, पकडायचं न्हाई. आन् बोट दांडीवरच्या लोखंडी पट्टीच्या ऐन जवळ ठेव, तिथं तार थोडक्यात दबती, मागं ठेवलंस की जोर लावावा लागतो. हां. आता आलं. दार लोटून घे जरा. खिडकी बी लाव. शाळेचा वर्ग हाय, कुणी बी डोकावतंय, आत दोन-दोन बेसवाले कशाला म्हणून जाऊन पप्पूशेठच्या कानात सांगायचं. पप्पूशेठ म्हंजी आमचा मालक, ऑर्केस्ट्रा बी त्याचा आन् साऊंड बी त्याचा — तू अजून बघितला नसशील त्याला. बरंय, नको बघू. मी बोलावलंय म्हणून तू आलायस, एवढंच. शिरूरवरनं चौफुल्याला उतरलास का जीप सरळ वरवंडला मिळाली? मिळाली ना. मंग दमला नसशील. घे, उजवा हात दाखव.

आता उजव्याचं ऐक, खरी गोम तिथं हाय. तुझा कोपरापुढचा हात गिटारच्या कडेवर टेकतोय, दिसतंय का? टेकतोय म्हंजी दाबतोय. कड रुतती, बोटं बधीर पडत्यात, बोटं बधीर पडली की आपुन अजून जोरात मारतो. गिटारचा पट्टा वर घे — दोन भोकं वर घे, लाजू नको. गिटार मांडीवर लोंबकळती ठेवून वाजवलं की पोरं टाळ्या वाजवत्यात, खरंय, पण मनगट मोडल्यागत वाकतं. मनगट सरळ पाहिजे. खांदा खाली. दोन बोटं, एका मागनं एक, आन् बोट तारेवरनं पुढं निसटलं की लांब फेकायचं न्हाई, तिथंच ऱ्हाऊ द्यायचं. फास्ट वाजवायचं म्हंजी जास्त हलायचं असं वाटतं लोकांना — न्हाई रे, फास्ट वाजवायचं म्हंजी कमी हलायचं. बारीक तार झाली की जाड तारेवर त्याच बोटानं घसरत यायचं, दुसरं बोट उगी कामाला लावायचं न्हाई. आन् आवाज अँप्लिफायरच्या मशिनीकडनं घ्यायचा, हाताकडनं न्हाई. मशिनीचं बटण मोठं, हात बारीक. हे मला कुणी सांगितलं न्हाई. कोण सांगणार? दौंडात मी शिकलो तवा बेस म्हंजी काय हेच कुणाला म्हाईत नव्हतं, लोक म्हणायचे ह्याची गिटार मोडलीय, दोन तारा कमी हायत.

का हसतोस? — हसला न्हाईस? बरं.

आमच्यात काय चुकलं सांगू का? बेसच्या स्पीकरची पेटी पप्पूशेठ स्टेजच्या खाली, लोकांच्या तोंडाकडं लावतो. लोकांच्या छातीत धडधडलं पाहिजे म्हणतो. मी हितं माघारी उभा, माझ्या एका कानाला ऑक्टोपॅड, एका कानाला ढोलकी, आन् माझाच बेस मला ऐकू येत न्हाई. ऐकू येत न्हाई म्हणून मी मारतो जोरात. जोरात मारून बी ऐकू येत न्हाई म्हणून अजून जोरात. इतकी वर्षं हेच केलं बघ. आन् पहिलं चालून जायचं, कारण गाणी मधी थांबायची — भाषण व्हायचं, सत्कार व्हायचा, कुणी शंभराची नोट घेऊन स्टेजवर यायचं, त्याचं नाव पुकारायचं — तेवढ्यात हात सुटा व्हायचा. आता डीजे आलाय ना. पाटसला मागच्या जयंतीला डीजे लावलता, पोरं वेडी झाली. तवापासनं पप्पूशेठ म्हणतो, आपुन डीजेपेक्षा फास्ट वाजवायचं, मधी थांबायचं न्हाई. माणसानं मशिनीपेक्षा फास्ट वाजवायचं! पण मी बी म्हणलो, वाजवू. मला बी चेव आला, खोटं कशाला बोलू. ढोलकीवाला माझ्याकडं बघून ठेका वाढवायचा आन् मी मान हलवायचो — वाढव, वाढव. पहिलं नुसतं जळजळायचं, कोपराच्या खाली, हितं, आतल्या अंगाला. मला वाटायचं हात तयार होतोय. जळलं म्हंजी ताकद येती असं आपल्याला लहानपणापासनं सांगितलेलं, जोर काढताना, पोती उचलताना. तिथंच फसलो.

आन् मंग पट्टा बांधला. हसू नको हां आता. आमचा बा मालधक्क्यावर हमाल होता, दौंडला, रेल्वेची सिमेंटची वाघीण रिकामी करायचा. त्याचा कातडी पट्टा घरात खुंटीला. समदे हमाल बांधायचे मनगटाला, करकचून, दातानं वढून — पोतं उचलताना मनगट मुरगळू नये म्हणून. मी म्हणलं, बाच्या हातानं येवढी पोती पेलली, माझ्यानं चार तारा पेलवंनात का? बांधला. दातानं वढून बांधला. कार्यक्रमभर वाजवायचो पट्टा बांधून, काळ्या कोटाच्या बाहीत दिसायचा न्हाई कुणाला. अरं, हमालाला मूठ बंद ठेवायची असती! त्याला बोटं नाचवायची नसत्यात. मी मुठीचा पट्टा बोटांना बांधला. बोटं गार पडायची, मुंग्या यायच्या, आन् मी म्हणायचो पट्टा अजून घट्ट पाहिजे. मोरगावला... न्हाई, मोरगावला न्हाई, कोरेगावला बांधला मी पहिल्यांदा, भीमा-कोरेगावला. त्या दिवशी असला वाजला बेस! पप्पूशेठनं मिठी मारली मला. म्हणून तर सुटला न्हाई पट्टा नंतर.

तू बांधू नकोस काय बी. क्रेपची पट्टी बी न्हाई. वाजवायच्या आधी कोमट पाण्यात हात बुडव, बोटं हळू उघड-मीट कर, पहिलं गाणं अर्ध्या जोरात घे. जळजळ सुरू झाली की तिथंच खांदा सोड, श्वास सोड — माणूस फास्ट वाजवताना श्वास कोंडून धरतो, कळत न्हाई त्याला. आन् मधी एखादा सूर सोडून द्यायचा. सोळा वाजवायच्या जागी आठ वाजव, लोक नाचत असत्यात, कुणी मोजत न्हाई. मी एक बी सोडला न्हाई कवा. माज होता मला. बेसवाल्याचं नाव कुणी घेत न्हाई रे, गाणाऱ्याचं घेत्यात, ढोलकीवाल्याचं घेत्यात — मला वाटायचं, एक बी सूर सोडायचा न्हाई, कवातरी कुणाच्यातरी ध्यानात येईल.

काय? माझा हात? माझ्या हाताला काय धाड भरलीय. बरा हाय. थोडा भरलाय, एवढंच. म्हणून तर तुला — नुसता आजच्या दिवस. असा काय बघतोस? बरं. बघ. दाब. दाब ना, घाबरतोस काय — आई गं! बास. बास. लाकूड झालंय, व्हय. सकाळी मी स्टेशनात कॅन्टीनला असतो, चहाच्या किटल्या गाडीपतूर न्यायच्या. गेल्या आठवड्यात गुरुवारी किटली सुटली. मी सोडली न्हाई, तीच सुटली, मला कळलंच न्हाई बोटं उघडल्याली. एका बाईच्या पायापाशी समदा उकळता चहा. लेकरू होतं तिच्या कडेवर. इतभर अंतर ऱ्हायलं. तवा भ्यालो मी. पुण्याला दाखवलं, डॉक्टर म्हणला सहा महिने गिटार बंद, न्हाईतर पुढं जेवायला बी हात उचलणार न्हाई. सिंधूला — बायकोला — मी सांगितलं पंधरा दिवस म्हणलाय. ती होती माझ्यासंगं, बाहेर बाकावर बसल्याली. आत नव्हती. मला वाटतं आत नव्हती.

म्हणून ऐक आता, नीट ऐक, टाईम कमी हाय. स्टेजला मागं बॅनर हाय, मोठा, जमिनीपतूर. त्याच्या मागं खुर्ची ठेवलीय मी. वायरी समद्या तिथनंच जात्यात, मी दुपारीच माझी काढून ठेवली, तुझ्यासाठी दुसरी सोडलीय. तू तिथं बसायचं आन् वाजवायचं. मी पुढं उभा राहीन, गिटार गळ्यात, बोटं हालवीन नुसती — तेवढी हालत्यात. गाण्याची पट्टी बदलायची झाली की मी मान डावीकडं टाकीन, फटीतनं दिसंल तुला. तुला पैसे... आरं, असा मागं काय सरतोस? चोरी न्हाई ही. मी कुणाचं काय घेत न्हाई. फक्त उभं ऱ्हायचंय मला तिथं. का म्हणून विचार ना. विचार! — माझी गौतमी हितं दिलीय, वरवंडला. लेक माझी. मागल्या साली. तिच्या सासऱ्यानं, म्हंजी माझ्या व्याह्यानं जयंतीच्या कमिटीत भांडून आमचा ऑर्केस्ट्रा लावला. अर्धी कमिटी म्हणत होती डीजे आणा. हा एकटा उभा ऱ्हायला, म्हणला, माझा व्याही वाजवतो त्यात, बघा तर खरं. गौतमीनं सांगितलं मला. त्या घरात माझी काय वळख हाय? किटल्या उचलणारा. लग्नात बी मी मानपान काय करू शकलो न्हाई, बोलले न्हाईत ते काय, चांगली माणसं हायत, पण बोलले न्हाईत म्हणून तर जास्त लागतं. आज पैल्यांदा ती माणसं मला वाजवताना बघणार. पुढच्या रांगेत बसणार हायत, गौतमी बी, सासूच्या शेजारी. नॉनस्टॉप संपला की शाल द्यायचं ठरलंय मला. आता सांग, मी कुठं तोंड दाखवू? पडद्यामागं बसायला तुला काय जड जातंय? तुझी तर कुणी वळख बी—

थांब. माईक चालू झाला. बॅलन्सिंग चाललंय वाटतं, एकेकाचा आवाज जुळवून बघत्यात. ढोलकी बोलावली. कीबोर्ड. आता मला बोलावतील, मी जातो पुढं, तू मागनं—

काय म्हणला तो?

नागसेन म्हणला. शिरूरचे नागसेन, बेस गिटार, स्टेजवर या — असंच म्हणला ना? मला ऐकू कमी येतं डाव्या कानानं, पण एवढं न्हाई. पप्पूशेठच बोलतोय. त्याला तुझं नाव कसं ठावं? मी कुणाला बोललो न्हाई. कुत्र्याला बी बोललो न्हाई. खाली बघू नको, माझ्याकडं बघ. — कवा? रविवारी? मी तुला बुधवारी फोन केला, नागसेन. म्हंजी त्याचा फोन आधी आला. म्हंजी तू त्याला बी व्हय म्हणलास आन् मला बी व्हय म्हणलास, आन् घडीभरापासनं मी हितं अंगठा कसा धर, खांदा कसा सोड — आन् तू मुंडी हालवत ऐकत बसलायस! बोलायचं ना रे. तोंड होतं ना तुला. — काय? त्यानं सांगू नको म्हणलं? त्यानं न्हाई? मंग कुणी?

सिंधूनं.

पप्पूशेठच्या घरी गेली व्हती? एकटी? ती कवा दारात बी उभी ऱ्हायली न्हाई त्याच्या. काय म्हणली? — सांग, आता काय लपवायचं ऱ्हायलंय. — सहा महिने म्हणली, दुसरा बेसवाला बघा म्हणली. म्हंजी ऐकलंतं तिनं समदं, बाकावरनं. आन् मला रोज विचारायची, आता किती दिवस ऱ्हायले हो पंधरातले? मी मोजून सांगायचो तिला. ती ऐकून घ्यायची. आज निघताना इस्त्री करून दिली, म्हणली नीट जावा. राग आलाय मला, नागसेन. तिचा आलाय, तुझा आलाय, पार डोळ्यापुढं लाल झालंय. अजून एक सांगू, सुटल्यागत बी झालंय. ते नको व्हायला व्हतं. ते झालं म्हणून जास्त राग येतोय.

पुन्हा पुकारलं बघ. ऊठ. पडद्यामागं काय बसतोस आता, पुढं उभा राहा, उजेडात. हा कोट घे, ऑर्केस्ट्रा पार्टीचा हाय, बेसवाल्याचा. खांद्यात थोडा मोठा होईल. घाल. — मी? मी कुठं जाणार. पुढच्या रांगेत बसणार, व्याह्याच्या शेजारी. विचारलं त्यानं तर सांगीन, ह्या पोराला मी तयार केलाय. खोटं हाय व्हय ते? घडीभर तरी केलाय. फक्त जायच्या आधी एक कर. कोट गेला आता, सदऱ्याची बाही उघडी ऱ्हायली, मनगटावरचे वळ दिसतील गौतमीला. ही गुंडी लाव माझी. मला लावता येत न्हाई. सकाळी सिंधूनं लावलती, मघाशी सुटली. — डाव्यानं न्हाई जमत, केलं मी ते. लाव.

लागली? बरं.

जा आता. जा म्हणतो ना. लोक थांबल्यात.