वेठीवर पद्मासन

हसू नका, पद्मासनानं मला वेठीतून सोडवलंय. निजामाच्या राज्यात गिरदावर साहेब, म्हंजी महसुलाची तपासणी करणारा अंमलदार, आला की त्याची पेटी पुढच्या गावापर्यंत आमी फुकट वाहायची; न्हाई म्हणलं की पाठीवर कोरड्याचे फटके. पोखर्णीच्या देवळातल्या एका बैराग्यानं मला आसनं शिकवली होती. त्या सकाळी शिपाई माणसं धरायला लागला, तसं मी पारावर पद्मासन घालून डोळे मिटले.

“ऊठ, पेटी घे!” शिपाई ओरडला.

“आसन लावलंय, दादा.”

ध्यानाला बसलेल्यावर कोरडा चालवायला तो भ्याला. मग त्यानं आन त्याच्या जोडीदारानं बगलेत धरून मला उचललं, पण मांडी काही सुटंना. तसंच परत खाली ठेवलं. लोक फिदीफिदी हसायला लागले, तसा गिरदावर स्वतः आला.

“कब उठेगा रे?”

“गुरूचा हुकूम हाय साहेब, मनातला राग गेल्याबिगर आसन मोडायचं न्हाई.”

“और गुस्सा कब जाएगा?”

मी एक डोळा उघडला. “तुमी गेलात की लगेच, साहेब.”

तवर बाकीचे पसार झाले होते, म्हणून पेटी शिपायाच्याच डोक्यावर गेली. पुढच्या खेपेला साहेब आला, तर पारावर अख्खा गाव डोळे मिटून बसलेला!