सातवा टाका

बिश्केकमधल्या दातांच्या दवाखान्यात सायकाल नंबर लावून बसली होती. गाल टम्म सुजलेला, तोंड उघडायची सोय नाही. कान तेवढे शाबूत. शेजारी एक मावशी आणि तिची भाची बसल्या होत्या.

"मावशी, दवाखान्यातसुद्धा हीच पर्स?"

"वाढदिवसाला दिलीस ना? मग मिरवणारच! जुनी आहे, हे कुणाला सांगू नकोस म्हणजे झालं."

"सांगते कशाला! चार दिवस खपलेय हिच्यावर. जुन्या बाजारात मिळाली तेव्हा नुसती बुरशी हो. साबणाच्या फेसानं पुसली, मग चामड्याचं मलम चोळलं. मूठ मात्र अगदी कोरी, कुणी हातात धरलीच नसावी."

"अस्तर बदललंस?"

"बदलणार होते. पण आतून कुणीतरी हरमलच्या बियांची पुरचुंडी शिवलीय, दृष्ट लागू नये म्हणून. ती उसवायला हात धजेना."

"सात टाके आहेत. सातवा वाकडा."

"तुम्ही मोजलेत?"

"मीच घातलेत. नाझगुल सून होऊन घरात आली, तेव्हा तिला दिली होती ही."

"अगंबाई! मावशी, आणा ती इकडे. मी दुसरी देते तुम्हाला."

"राहू दे. चिनारा, तू रोज चामडं हाताळतेस. खरं सांग, तिनं वापरली होती का गं?"

"हो तर! मूठ पार झिजली होती. रंग देऊन देऊन माझी बोटं काळी झाली."

"वाटलंच मला," मूठ कुरवाळत मावशी म्हणाली. "हाताला लागतंय ना झिजलेलं."