नसलेलं कवच

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या पाठीमागच्या बाकावर एक आत्या आणि तिची भाची नंबर लागायची वाट बघत होत्या.

“आत्या, जरा मोठ्याने बोल ना. इथे कोण झोपलंय?”

“सवय गं. तुझे आतोबा जन्मभर रात्रपाळीला. दिवसा ते झोपायचे आणि सगळं घर कुजबुजायचं. भांडीसुद्धा मी फडक्यावर ठेवायची.”

“त्यांना जाऊन वर्ष होत आलं आता.”

“मला माहितीये. गळ्याला माहीत नाही.”

“आमच्या प्रयोगशाळेतल्या पतंगासारखं झालंय तुझं.”

“म्हणजे मला किड्यांच्या पंगतीला बसवलंस.”

“ऐक तर. कोषातून बाहेर यायची वेळ झाली की त्याच्या मेंदूतून एक हार्मोन सुटतं. असतं इवलंसं, पण तेच सगळ्या अंगाला सांगतं, चल, नीघ आता. मी एकाचं कवच त्याआधीच हाताने सोलून काढलं. म्हटलं, बिचाऱ्याचे कष्ट वाचतील.”

“मग उडाला?”

“छे. उघड्यावर तसाच पडून राहिला, आत असल्यासारखा. पुढे कधीतरी ते हार्मोन सुटलं. मग नसलेल्या कवचातून निघायला तो वळवळला, अंग आवळलं, खांदे झटकले, सगळं सगळं केलं. आणि त्यानंतर पंख पसरले.”

“तोवर तू काय करत होतीस? ढोसत होतीस त्याला?”

“नाही गं. दिवा मंद केला आणि जवळ बसून राहिले.”

“मग माझ्याजवळही तशीच बस,” आत्या म्हणाली, आणि ते ऐकायला मला मागे रेलावं लागलं.